पांढरीच्या पोटात काय दडले आहे? : पुरातत्त्वशास्त्राची ओळख

मराठी मुलखात जमिनीला पूर्वापार दोन नावे आहेत. नांगर चालतो ती 'काळी' आणि माणसे वस्ती करून राहतात ती 'पांढरी'. आपल्या धानाच्या पट्ट्यात बांधीची माती काळीच असते असे नाही; तरी गावठाणाला पांढरी म्हणण्याची रीत आपल्याकडेही आहे. या नावात पुरातत्त्वशास्त्राचा पहिला धडा आहे. एकाच जागी शेकडो वर्षे माणसे राहिली की तिथे चुलीची राख, पडलेल्या भिंतींची माती, शेण, हाडे, कोंडा आणि फुटकी खापरे एकावर एक साठत जातात. मातीचा रंग बदलतो, जागा आजूबाजूच्या शेतापेक्षा उंच होते. गाव उठून गेले तरी ती उंची राहते. विदर्भाच्या महसुली कागदांत 'रिठी' म्हणून नोंदलेली कितीतरी उजाड गावे आहेत. त्यांतील काही रिठांच्या पोटात आपल्या पूर्वजांचे हजार-दोन हजार वर्षांचे जिणे पडून असू शकते.

हे जिणे मातीतून वाचण्याचे शास्त्र म्हणजे पुरातत्त्वशास्त्र. प्रस्तुत लेखात त्याच्या मूळ कल्पना, कामाच्या पद्धती आणि नीती यांची ओळख करून द्यावयाची आहे. उदाहरणे शक्यतो आपल्याच परिसरातील घेतली आहेत. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यामुळे पवनीचे स्तूप हा आपल्याही जुन्या जिल्ह्याचाच ठेवा आहे. तिरोडा तालुक्याच्या बाजूने वाहणारी वैनगंगाच पुढे पवनीच्या तटाला लागते.

वस्तू नव्हे, संदर्भ

पुरातत्त्व म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मूर्ती, सोन्याची नाणी किंवा गुप्तधनाचा हंडा येतो. हा समज आधी दूर केला पाहिजे. अभ्यासकाला वस्तूपेक्षा ती कुठे, किती खोलीवर, कशाच्या शेजारी, कोणत्या स्थितीत मिळाली याचे मोल अधिक असते. याला 'संदर्भ' म्हणतात. संदर्भ गेला की वस्तू मुकी होते.

उदाहरणार्थ, दगडाचा एक रंगीत मणी घ्या. तो बाजारात मिळाला तर तो एक सुंदर मणी एवढेच म्हणता येते. पण नागपूरजवळच्या माहुरझरी येथे मणी मिळाले ते अर्धवट घडलेले, भोक पाडताना फुटलेले, दगडाच्या छिलक्यांसोबत. त्यावरून कळले की तेथे मणी बनविणारे कारागीर राहत व काम करीत. फुटून फेकून दिलेला मणी अशा वेळी राजाच्या कंठ्यापेक्षा जास्त बोलतो.

पुरावे मुख्यतः तीन तऱ्हांचे असतात. भांडी, मणी, नाणी, अवजारे या उचलता येणाऱ्या वस्तू. चूल, भिंत, विहीर, धान्याची पेव, खांब रोवण्याचे खड्डे या न उचलता येणाऱ्या रचना. त्या उचलल्या की नष्टच होतात. आणि तिसरा, जळालेले धान्य, जनावरांची हाडे, शिंपले, फुलांचे परागकण असा निसर्गातील पुरावा. या सर्वांचा समूह ज्या जागी मिळतो तिला स्थळ म्हणावयाचे. आपल्या जिल्ह्यातील मालगुजारी तलाव, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो, त्यांची पाळ, सांडवा, पाट हेसुद्धा या दृष्टीने एक रचनाच आहेत. कोहळी समाजाच्या पाणी अडविण्याच्या ज्ञानाचा तो मातीत लिहिलेला दस्तऐवज होय. जुने म्हणजे केवळ देऊळ किंवा किल्ला असे समजण्याचे कारण नाही.

येथे एक गोष्ट जरा विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण ती आपल्यासारख्या वाचकांच्या जिव्हाळ्याची आहे. जमिनीत सर्वच गोष्टी सारख्या टिकत नाहीत. दगड, भाजलेली माती आणि सोने टिकते. लोखंड गंजून अर्धेमुर्धे राहते. बांबू, पळसाची पत्रावळ, तेंदूपत्ता, चामडे, सुती लुगडे हे सर्व आपल्या पावसाळी हवेत काही वर्षांतच मातीला मिळते. म्हणजे ज्यांची घरे कुडाची, जेवण पानावर आणि काम चामड्याचे किंवा बांबूचे, त्यांच्या जीवनाचा पुरावा आपोआप कमी उरतो. ज्यांनी दगडात बांधले, ताम्रपटावर लिहून घेतले, ते मात्र ठळक दिसतात. पुरावा मिळाला नाही याचा अर्थ ती माणसे नव्हती असा होत नाही. चांगला उत्खनक म्हणूनच खांबाच्या खड्ड्याचा काळा डाग, चुलीभोवतीची तांबूस माती, जनावराच्या हाडावरील सुरीचा ओरखडा जपून नोंदतो. ग्रंथ लिहिणाऱ्यांनी ज्यांची नावे लिहिली नाहीत, त्यांचा इतिहास शोधण्याची वाट बऱ्याच अंशी याच डागांतून जाते.

थरांचा नियम

या शास्त्राचा पाया एका साध्या नियमावर उभा आहे. हालचाल झाली नसेल तर खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा. कोठीत आधी टाकलेले धान तळाला असते, तसेच हे. पण 'हालचाल झाली नसेल तर' हे शब्द विसरता कामा नयेत. उंदीर-घुशींची बिळे, झाडांची मुळे, नंतर कोणी खणलेली विहीर किंवा कचऱ्याचा खड्डा यांमुळे वरची वस्तू खाली जाते. खड्डा ज्या थरातून खणला तो थर त्याच्या तळाशी मिळालेल्या वस्तूंचा खरा काळ सांगतो. खोलीचा आकडा सांगत नाही. 'दहा फुटांवर सापडले म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचे' असे छातीठोकपणे सांगणारे लोक भेटतात, त्यांच्याकडे म्हणून दुर्लक्ष करावे.

थराचा काळ ठरविताना नाणी उपयोगी पडतात, पण तेथेही विचार हवा. समजा, एका थरात १९५७ सालचा नया पैसा मिळाला. तो थर १९५७ च्या आधी तयार झाला असणे शक्य नाही, एवढे निश्चित. मात्र तो १९५७ मध्येच तयार झाला असे नाही. तो पैसा कुणाच्या गाडग्यात वीस वर्षे पडून राहिला असेल. सातवाहनांचे नाणे मिळाले तरी तर्क हाच.

नाणी क्वचित मिळतात, खापरे मात्र पायलीने मिळतात. मडके फुटते, पण खापर सहसा नष्ट होत नाही. त्याची माती, भाजणी, रंग, काठाची घडण पिढ्यान्‌पिढ्या बदलत जाते. आपल्या घरातही पितळी लोटे गेले, जर्मनची भांडी आली, ती गेली आणि स्टील आले. जुन्या लग्नाच्या रुखवतातील भांडी पाहून जाणती बाई ते लग्न साधारण केव्हाचे हे सांगते. खापरांचा अभ्यासक याहून वेगळे काही करीत नाही. विदर्भात काळी-तांबडी खापरे, म्हणजे आतून व काठाशी काळी आणि बाहेरून तांबडी अशी, लोहयुगीन शिलावर्तुळांपासून पुढे अनेक स्थळी मिळतात. सर्वेक्षण करणारा शेतातून चालताना सोन्याच्या नव्हे, या खापरांच्या शोधात असतो.

शास्त्रीय कालमापनात कर्ब-१४ पद्धत सर्वांना ऐकून माहीत असते. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विलार्ड लिबी यांनी ती १९४९ च्या सुमारास सिद्ध केली आणि त्यासाठी त्यांना १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले. झाड, धान्य, जनावर जिवंत असेपर्यंत हवेतील किरणोत्सारी कर्ब त्यांच्या शरीरात ठरावीक प्रमाणात असतो. मृत्यूनंतर नवा कर्ब येत नाही आणि असलेला घटत जातो. सुमारे ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो. उरलेले प्रमाण मोजून काळ काढतात. सुमारे पन्नास हजार वर्षांच्या पलीकडे ही पद्धत उपयोगी पडत नाही, कारण मोजण्याजोगे काही उरत नाही. दगडाची मूर्ती कोणत्या काळी घडविली हेही ती सांगू शकत नाही, कारण दगड कधी जिवंत नव्हता. मूर्तीशेजारचा कोळसा काळ सांगतो, पण तो कोळसा मूर्तीच्याच थरातला आहे हे आधी सिद्ध करावे लागते. म्हणजे पुन्हा आपण थरांकडे आणि संदर्भाकडेच येतो. प्रयोगशाळेचे यंत्र कितीही महागडे असले तरी उत्खननाच्या वेळी केलेली चूक ते दुरुस्त करू शकत नाही.

उत्खनन कसे चालते?

खोदकाम हे पुरातत्त्वाचे पहिले काम नव्हे, शेवटचे होय. आधी ग्रंथ, जुने नकाशे, गावांची नावे, लोकांच्या आठवणी तपासतात. मध्य प्रांत व वऱ्हाडातील प्राचीन अवशेषांची एक यादी हेन्री कझिन्स यांनी १८९७ मध्ये प्रसिद्ध केली होती. तीही आज आरंभाला उपयोगी पडते. मग पायी सर्वेक्षण, नकाशा, आणि आवश्यक वाटल्यासच परवानगी घेऊन खोदकाम. भारतात केंद्र शासनाच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या परवान्याशिवाय कोणत्याही विद्यापीठाला किंवा संस्थेला उत्खनन करता येत नाही.

उत्खननाची शिस्तबद्ध पद्धत आपल्याकडे रुजविण्याचे मोठे श्रेय सर मॉर्टिमर व्हीलर यांना दिले जाते. १९४४ ते १९४८ या काळात ते सर्वेक्षणाचे महासंचालक होते आणि १९४४ मध्ये तक्षशिला येथे त्यांनी भारतीय विद्यार्थ्यांचा प्रशिक्षण वर्ग घेतला. त्यांची पद्धत आपल्याला समजायला सोपी आहे. धानाच्या बांध्या आणि त्यांमधले धुरे डोळ्यांसमोर आणा. जागेचे सारखे चौकोन पाडावयाचे, आतली माती थराथराने काढावयाची आणि चौकोनांमधील धुरे न खोदता उभे ठेवावयाचे. मधली माती गेली तरी धुऱ्याच्या उभ्या बाजूवर सर्व थर पोळीच्या पदरांसारखे दिसत राहतात. त्या बाजूचे मोजून चित्र काढतात, प्रत्येक थराला क्रमांक देतात. वस्तू मिळाली की लांबी, रुंदी व खोली अशा तिन्ही मापांनी तिची जागा नोंदवून, पिशवीवर चिठ्ठी लावूनच ती उचलतात. काढलेली माती चाळणीतून जाते. काही माती पाण्यात कालवतात. जळालेले हलके दाणे वर तरंगतात आणि त्या काळी माणसे काय खात हे कळते. कुदळीपेक्षा करणी, ब्रश आणि पेन्सिल यांचे काम अधिक. हे काम संथ आहे आणि पाहणाऱ्याला कंटाळवाणे वाटते. ते तसेच असले पाहिजे.

या शिस्तीतून काय हाती येते याचा विदर्भातील एक उत्तम नमुना म्हणजे नागपूर जिल्ह्यातील पारशिवनी तालुक्यातील नायकुंड. १९७८ ते १९८० या काळात डॉ. शां. भा. देव व डॉ. अ. प्र. जामखेडकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे उत्खनन झाले. शिलावर्तुळांची दफने करणाऱ्या लोकांची वस्ती तेथे मिळाली आणि तिच्यात लोखंड गाळण्याची भट्टी, वारा फुंकण्याच्या मातीच्या नळ्या व लोहकीट मिळाले. एखाद्या घाईने खणणाऱ्याने भाजक्या मातीचे ते तुकडे फेकून दिले असते. इ.स.पू. पहिल्या सहस्रकात विदर्भातील कारागीर स्वतः लोखंड गाळीत होते, हे त्या तुकड्यांनी सांगितले.

पवनी

आता पवनीकडे वळू. वैनगंगेच्या काठी वसलेल्या या गावाला तीन बाजूंनी मातीचा प्राचीन तट आहे आणि चौथ्या बाजूला नदी. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी संयुक्तपणे येथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि श्री. जगत्पती जोशी हे त्याचे प्रमुख होते आणि १९७२ मध्ये अहवाल प्रसिद्धही झाला. दोन वर्षांत अहवाल, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. तिच्याकडे पुढे यावयाचे आहे.

जगन्नाथ टेकडी आणि चांडकापूर येथील सुलेमान टेकडी या दोन टेकड्यांत बौद्ध स्तूप मिळाले. पुढे १९९४ मध्ये डॉ. अमरेंद्रनाथ यांनी हरदोलाला टेकडीचे उत्खनन केले. ही तीन नावे एकदा मोठ्याने म्हणून पाहा. तिन्हींत कुठेही स्तूपाची आठवण नाही. जमिनीवरची स्मृती पुसली गेली, लोकांनी आपापल्या श्रद्धेप्रमाणे नवी नावे दिली, आणि पोटातला पुरावा मात्र तसाच राहिला. लोककथा आणि नाव हा शोधाचा धागा असतो, पुरावा नव्हे. आणि नाव वेगळे आहे म्हणून खाली काही नाही असेही म्हणता येत नाही.

जगन्नाथ टेकडीचा स्तूप सुमारे चाळीस मीटर व्यासाचा आहे. सांचीचा महास्तूप सुमारे ३६.६ मीटर व्यासाचा आहे, यावरून पवनीच्या भव्यतेची कल्पना यावी. थरांवरून आणि बांधणीवरून असे दिसले की हा स्तूप एकदाच बांधलेला नाही. मूळ रचना पुढे वाढविण्यात आली. ख्रिस्तपूर्व शतकांतील त्याच्या दगडी कठड्याचे कोरीव खांब मिळाले. त्यांवर बोधिवृक्षाची पूजा आहे, मुचलिंद नागराजाचे शिल्प आहे, आणि ब्राह्मी लिपीतील प्राकृत दानलेख आहेत. एकेका खांबाचे दान एकेका माणसाचे. दात्यांत स्त्रियाही आहेत. हा स्तूप एखाद्या राजाच्या आज्ञेने नव्हे तर सामान्य उपासक-उपासिकांच्या लहान लहान दानांतून सजला, हे आपण कशावरून म्हणतो? त्या लेखांवरून. ते खांब कुणी घराच्या पायऱ्यांना वापरले असते आणि अक्षरे झिजली असती, तर हे वाक्य लिहिता आले नसते. आंध्रातील अमरावतीच्या स्तूपाचे तसे झाले. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथील संगमरवरासारखे दगड बांधकामाला नेले गेले, पुष्कळ चुन्याच्या भट्टीत गेले, आणि उरल्यातील मोठा भाग आज लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहे.

नीतीचा प्रश्न

उत्खनन म्हणजे एक प्रकारे स्थळाचा नाशच होय. पोथीचे पान वाचून लगेच जाळून टाकावे, तसे थर काढताना घडते. तो थर पुन्हा रचता येत नाही. म्हणून नोंद ही सोय नसून ऋण आहे. ज्याने खोदले आणि अहवाल लिहिला नाही, त्याने ते पान कुणालाच न दाखविता जाळले. आपल्या देशात अशी उत्खनने थोडीथोडकी नाहीत, हे खेदाने म्हणावे लागते. पवनीचा अहवाल दोन वर्षांत आला याचे महत्त्व यासाठी. त्याचप्रमाणे संपूर्ण स्थळ खोदू नये, काही भाग पुढच्या पिढीच्या चांगल्या साधनांसाठी राखावा, असा संकेत आहे.

दुसरी नीती सत्याची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कपिलवस्तूचा शोध घेणाऱ्यांत अलॉइस फ्युरर नावाचा जर्मन अधिकारी होता. त्याने न झालेल्या शोधांची वर्णने अहवालात लिहिली आणि ऊ मा नावाच्या ब्रह्मी भिक्षूला बुद्धाचे अवशेष म्हणून खोटे अवशेष दिले. त्यांतला एक दात माणसाचाही नव्हता. १८९८ मध्ये त्याला नोकरी सोडावी लागली. त्याने फसविले कोणाला? ज्याची श्रद्धा सर्वांत खरी होती, त्याला.

त्याच वर्षी, त्याच भागात, आता उत्तर प्रदेशातील सिद्धार्थनगर जिल्ह्यात असलेल्या पिपरहवा येथे विल्यम पेपे यांनी स्तूप उघडला. त्यात अस्थिकलश व शेकडो रत्ने मिळाली. अस्थी सयामच्या राजाकडे गेल्या, बहुतेक रत्ने कोलकात्याच्या संग्रहालयात आणि काही पेपे कुटुंबाकडे राहिली. पेपे जेथे थांबले तेथून खाली १९७० च्या दशकाच्या आरंभी के. एम. श्रीवास्तव यांनी थर पाहत शास्त्रीय पद्धतीने खोदले, तेव्हा त्याहून जुन्या विटांच्या कप्प्यांत आणखी अस्थिपात्रे मिळाली, आणि विहाराच्या अवशेषांत कपिलवस्तूचे नाव असलेल्या मातीच्या मुद्रा मिळाल्या. अर्थात नेपाळमधील तिलौराकोटचाही कपिलवस्तू असल्याचा दावा आहे आणि वाद मिटलेला नाही. पेपे कुटुंबाकडील रत्ने मे २०२५ मध्ये हाँगकाँगला लिलावात निघाली. भारत सरकारने हरकत घेतल्यावर लिलाव थांबला आणि जुलै २०२५ मध्ये ती भारतात परत आली. स्तूपात श्रद्धेने ठेवलेले दान ही विक्रीची वस्तू होऊ शकते काय, हा प्रश्न त्या निमित्ताने जगापुढे आला. माझे उत्तर स्पष्ट आहे : होऊ शकत नाही.

सत्याची कसोटी आपल्यालाही लागू आहे. रामटेक तालुक्यातील मनसर येथे १९९८ च्या सुमारास बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्था व अनुसंधान केंद्राच्या वतीने मोठे उत्खनन सुरू झाले आणि दहा वर्षे चालले. तेथील अवशेषांत बौद्ध वास्तू कोणत्या आणि वाकाटक राजांची शैव मंदिरे कोणती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. हान्स बक्कर यांच्यासारखे विद्वान हिडिंबा टेकडीवरील अवशेष दुसऱ्या प्रवरसेनाच्या प्रवरेश्वर मंदिराचे मानतात. मनसरचीच एक देखणी शिवमूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. अशा वेळी प्रत्येक वीट आपली म्हणण्याचा मोह होतो. इतर लोक तसे करतात म्हणून आपणही करावे, हा युक्तिवाद मला मान्य नाही. पवनीचे स्तूप कोणाच्या घोषणेने बौद्ध ठरलेले नाहीत. लेख, शिल्प आणि बांधणी यांनी ठरले आहेत. एका ठिकाणी आपण पुराव्यावाचून दावा केला की पवनीसारख्या पक्क्या पुराव्याच्या जागेवरही लोक शंका घेऊ लागतात. नुकसान आपलेच होते.

तिसरी नीती जिवंत श्रद्धेची. सालेकसा तालुक्यात दरेकसाजवळ कचारगडची गुहा आहे. गोंड बांधवांचे ते मूळस्थान. पहांदी पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्या स्मृतीने माघ पौर्णिमेला देशभरातून लोक तेथे येतात. ती आशियातील सर्वांत मोठी गुहा असल्याचे पुष्कळदा ऐकायला मिळते. मोजमाप व तुलना पुढे ठेवल्याशिवाय असे म्हणू नये, आणि त्या स्थानाच्या थोरवीला त्याची गरजही नाही. अशा ठिकाणी अभ्यासकाने त्या समाजाला विचारून, त्यांना बरोबर घेऊन काम करावे. पूर्वजांच्या अस्थी, दफने, देवस्थाने ही कुणाची तरी आहेत. आपल्या स्तूपांविषयी आपण जो आदर अपेक्षितो, तोच कचारगडला द्यावयास हवा.

कायदा आणि आपले काम

धोका आज चोरांपेक्षा यंत्रांचा अधिक आहे. मुरमासाठी टेकाड खणले जाते, वैनगंगेतून रेती उपसली जाते, तलावाचा गाळ काढताना जेसीबी एका दुपारी हजार वर्षांचे थर ट्रॉलीत भरतो. पांढरी माती शेताला चांगली म्हणून गाड्या भरून नेण्याची जुनी सवय आहेच. त्यात गुप्तधनाचे वेड. अमावास्येला लिंबू-नारळ ठेवून रात्री खड्डे खणणाऱ्यांना धन मिळाल्याचे कोणी पाहिलेले नाही. फुटलेली मूर्ती आणि उद्ध्वस्त थर मात्र सर्वांना दिसतात. धनाच्या शोधासाठी अघोरी कृत्य करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

जमिनीत पुरलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू मिळाली तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपविल्यास शिक्षा आहे. कळविणाऱ्याचा हक्क कायदा मान्य करतो, हेही लोकांना सांगितले पाहिजे. भीतीपोटी वस्तू विहिरीत टाकून दिल्याची उदाहरणे खेड्यांत ऐकू येतात, ती अज्ञानामुळे. १९५८ च्या केंद्रीय कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके संरक्षित होतात, १९६० च्या राज्य कायद्याने राज्य संरक्षित. २०१० च्या दुरुस्तीनुसार केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू, तसेच पंचाहत्तर वर्षांहून जुने महत्त्वाचे हस्तलिखित, खाजगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाही.

विद्यार्थ्यांसाठी एक-दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगून थांबतो. घराचा पाया, बोडी किंवा विहीर खणताना विटांची रांग, कोरीव दगड, खापरांचा ढीग दिसला तर काम थांबवावयास सांगा. वस्तू उचलू नका, धुऊ नका, शेंदूर लावू नका. ब्राह्मी अक्षरांवर खडू किंवा कोळसा घासू नका. आहे त्या जागी छायाचित्र घ्या आणि माप कळावे म्हणून शेजारी मोजपट्टी ठेवा. नसल्यास आगपेटी ठेवली तरी चालेल. गाव, गट क्रमांक, खोली, तारीख, कोणी पाहिले हे वहीत लिहा. सरपंच व तहसीलदारांना कळवा आणि अर्जाची एक प्रत नागपूरच्या पुरातत्त्व कार्यालयास पाठवा. पोचपावती घ्यावयास विसरू नका. ज्यांना यात पुढे शिकावयाचे आहे त्यांच्यासाठी नागपूर विद्यापीठाचा प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज आहे. त्याआधी १८६३ मध्ये स्थापन झालेले नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजबबंगला, एकदा नीट पाहावा. सहलीतल्यासारखा पळत नव्हे, तर प्रत्येक वस्तूखालची चिठ्ठी वाचीत. ज्या चिठ्ठीवर गावाचे नाव आहे आणि ज्या चिठ्ठीवर ते नाही, त्या दोन वस्तूंपुढे थोडा वेळ उभे राहावे.